बोअरसाठी कर्ज देण्याआधी



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, की आपल्या गटांच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "बोअर मारायचा आहे, कर्ज पाहिजे." पाणी लागो न लागो, कर्जाचा हप्ता तर भरावाच लागतो. म्हणून आज आपण कर्जाच्या आधी जमिनीखालच्या खडकाबद्दल बोलू.

आपला वाशिम जिल्हा काळ्या दगडावर बसला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तप्त लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर आला. धिरड्यावर धिरडं ठेवावं तसे हे थर साचत गेले. हा दगड म्हणजे बेसॉल्ट.

विहीर खणताना हे थर आपण पाहतोच. वर काळी माती, मग मुरूम, मग नरम खडक आणि खाली अखंड काळा पाषाण. पाषाणात पाणी मुरत नाही, साठतही नाही. पाणी राहतं ते मुरमात, नरम खडकात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांदीत. काही ठिकाणी बारीक भोकांचा खडक लागतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ती भोकं. ती एकमेकांना जोडलेली असली तर तिथंही पाणी मिळतं.

पुष्कळ जणींना वाटतं, खाली पाण्याचा मोठा झरा वाहतो आहे, आपण तिथवर पोचलो की झालं. तसं नाही. आपल्याकडे पाणी भेगांत विखुरलेलं आहे. म्हणून एकीच्या बोअरला पाणी लागतं आणि धुऱ्यापलीकडे शेजारणीचा बोअर कोरडा जातो. खोल जावं तशा भेगा वरच्या वजनाने आवळत जातात, म्हणून जास्त फूट म्हणजे जास्त पाणी हा हिशेब इथं लागू पडत नाही. उलट खोल बोअरमुळे वरच्या थरातलं पाणी खाली उतरतं आणि जवळची विहीर आटू शकते. दोन बोअर एकाच भेगेवर असले, तर एक चालू झाला की दुसऱ्याचं पाणी कमी होतं. नारळ हातावर ठेवून जागा दाखवणारे असतात, पण लागलेलं पाणी किती महिने पुरेल, हे नारळ सांगत नाही.

मग या भेगांत पाणी येतं कुठून? पावसातूनच. आपला जिल्हा उंचावर आहे. इथं उगम पावणारी काटेपूर्णा अकोल्याकडे उतरते, पूर्णेला आणि पुढे तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. अडाण मात्र पैनगंगेकडे जाते, आणि ते पाणी वर्धा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला पोचतं. पाणी असं दोन्हीकडे उतरून जातं. म्हणून आपल्या बहुतेक गावांची ठेव म्हणजे शिवारात पडलेला आणि शिवारात मुरलेला पाऊस.

ही ठेव लहान नाही. 25 मिलिमीटरचा एक पाऊस एका एकरावर सुमारे 1 लाख लिटर पाणी टाकतो, म्हणजे 10 हजार लिटरचे 10 टँकर! पण काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा बंद होतात आणि पाणी वरून वाहून जातं. वरच्या बरड, मुरमाड जमिनीत ते चांगलं मुरतं. म्हणून समतल चर आधी माथ्याकडे खणायचे, शेताला बांधबंदिस्ती करायची आणि नाल्यावरचे बांध त्यानंतर. घराजवळ न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करायचा, पण पिण्याच्या विहिरीपासून लांब.

जमा किती आणि खर्च किती, हे वहीशिवाय कळत नाही. ते पाण्यालाही लागू आहे. दोरीला दगड बांधा, दर हाताला गाठ मारा. महिन्याच्या 1 तारखेला, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजा आणि बैठकीच्या रजिस्टरमध्ये लिहा. दरवेळी काठावरची जागा तीच ठेवा. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी अशीच वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या विहिरी आपण दर महिन्याला मोजू शकतो. दिवाळीची पातळी आणि होळीची पातळी शेजारी लिहिली, की उन्हाळी भाजीपाला घ्यायचा की हरभऱ्यावर थांबायचं, ते कळतं.

बोअरच्या कर्जाचा अर्ज आला की गटाने चार प्रश्न विचारावेत. आसपास किती बोअर आहेत आणि मार्चनंतर त्यातले किती चालतात? भूवैज्ञानिकाला जागा दाखवली का? गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर किती जवळ आहे? आणि बोअर कोरडा गेला तर हप्ता कशातून भरणार? चौथ्याचं उत्तर मिळालं नाही, तर त्या ताईला नकार देणं म्हणजे तिचं वाईट चिंतणं नव्हे. त्याच पैशातून जुन्या विहिरीचा गाळ काढता येतो का, तुषार संच घेता येतो का, हे तिच्यासोबत बसून पाहूया.

येत्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत एक दोरीही घेऊन या.