मातीतील बुरशी आणि अरण्याची विविधता

बुरशी म्हटली की द्राक्षावरील भुरी, हरभऱ्याची मर असे रोगच शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. बुरशीचा नाश म्हणजे पिकाचे रक्षण, हे शेतापुरते खरेही आहे. शेतात एकच पीक हवे असते. अरण्याची गोष्ट निराळी आहे. तेथे शेकडो जातींची झाडे एकत्र नांदतात, आणि ती नांदावीत म्हणून या रोगकारक बुरशीचाच हातभार लागतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

मध्य अमेरिकेतील पनामा देशात बॅरो कोलोराडो नावाचे बेट आहे. तेथे १९८० च्या सुमारास आखून घेतलेल्या अवघ्या ५० हेक्टर वनात वृक्षांच्या सुमारे ३०० जाती आढळल्या. ऊन, पाऊस व जमीन यांसाठी सर्वांची स्पर्धा चाललेली असताना एखादी बलवान जात इतरांना हुसकावून सारे रान का व्यापत नाही, हा वनस्पतिशास्त्रातील जुना प्रश्न होय. त्याचे एक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे मांडले. झाडाचे बहुसंख्य बी त्याच्याच बुंध्याभोवती पडते. परंतु त्या जातीला ग्रासणारे कीटक व रोगही तेथेच साठलेले असतात. रोपे दाटीने उगवली की दाट वस्तीत साथ पसरावी तसा रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. मातेच्या सावलीतील लेकरे अशी मरतात आणि त्या मोकळ्या जागेत परक्या जातीचे रोप तग धरते, कारण तो रोग त्याला सहसा बाधत नाही. जी जात विपुल, तिला हा जाच अधिक. जी विरळ, तिला संरक्षण. बलवानाला आवर घालणारी याहून साधी व्यवस्था कल्पिणे कठीण आहे.

जॅन्झेन यांचा भर प्रामुख्याने कीटकांवर होता. बेलीझ देशातील चिकिबुल वनात झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र बुरशीचे महत्त्व पुढे आले. संशोधकांनी काही चौकोनांत कीटकनाशक, तर काहींत बुरशीनाशक फवारले. कीटकनाशकाने रोपे अधिक जगली, कोणत्या जाती किती हे प्रमाणही बदलले. पण एकूण विविधता घटली नाही. बुरशीनाशकाने ती सुमारे १६ टक्क्यांनी घटली.

सगळीच बुरशी रोगकारक नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. मुळांशी सख्य करून राहणारी बुरशी झाडाला स्फुरद पुरवते आणि त्याच्याकडून शर्करा घेते. सागाच्या मुळांत ती पेशींच्या आत शिरते. सालवृक्षाच्या मुळांभोवती तिचे आवरण तयार होते. असे आवरण ज्या वृक्षांना लाभते, त्यांची रोपे स्वजातीच्या मातीतही चांगली वाढतात, असे उत्तर अमेरिकेतील ५५ जातींच्या २०१७ मधील अभ्यासात आढळले. सालाची सलग वने कशी टिकतात, याचा विचार करताना ही बाब ध्यानात घ्यावी लागेल.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रयोग कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, पश्चिम घाटात झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वनाच्या काठाशी आणि आत पडणाऱ्या बियांची विविधता सारखीच होती, तरी काठाशी उगवणारी रोपे कमी जातींची होती. औषध फवारल्याने रोपांची विविधता घटली ती केवळ काठापासून ९० ते १०० मीटर आत. काठाजवळ फवारणीने फरक पडला नाही, कारण बुरशी व कीटक यांचा अंमल तेथे आधीच ढिला झालेला होता. काठावर ऊन व वारा अधिक, जमीन लवकर सुकते. ओलाव्यावर जगणाऱ्या बुरशीला ते मानवत नसावे.

हा एका प्रदेशातील अभ्यास आहे, सर्वत्र हेच अंतर लागू पडेल असे नाही. तरीही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. तीन हेक्टरांची राई अगदी गोलाकार असली, तरी तिचा फक्त मध्यबिंदू काठापासून सुमारे १०० मीटर आत असतो. कोकणातील व घाटमाथ्यावरील कितीतरी देवराया याहून लहान आहेत. रानातून नवा रस्ता गेला, की एका काठाचे तीन काठ होतात. मोठी झाडे मात्र पुढे अनेक दशके उभीच राहतात. त्यामुळे केवळ बुंधे मोजणाऱ्या गणनेत ही घट उमटत नाही. ती पाहायची तर पावसाळ्यानंतर झाडांखालची रोपे जातवार मोजावी लागतात.