सर्किट ब्रेकरची योग्य निवड
घर असो, दुकान असो वा ग्रामपंचायतीचे कार्यालय, विजेचा भार वाढला की एमसीबी हा छोटा सर्किट ब्रेकर वारंवार पडू लागतो. अशा वेळी केवळ अधिक अँपिअरचा एमसीबी बसविणे धोक्याचे असते, कारण तारेचे रक्षण हेच त्याचे कार्य होय. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसविल्यास तो पडण्यापूर्वीच तार तापून आग लागू शकते. दिव्यांसाठी सामान्यतः ६ ते १० अँपिअरचा एमसीबी पुरेसा असतो. विजेच्या धक्क्यापासून मात्र एमसीबी माणसाला वाचवीत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीलाच प्रवाह तोडणारा आरसीसीबी आवश्यक आहे. शाळा व अंगणवाड्यांतील वीजजोडणीत तो आहे किंवा कसे, याची परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून खात्री करून घेणे हिताचे ठरेल.