मुक्या जनावराची कादंबरी

बोलक्या जनावरांच्या गोष्टींविषयीं माझें मत फारसें बरें नव्हतें, हें आरंभींच कबूल करतों. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे दोन कोल्हेच घ्या. त्यांचें राजकारण ऐकण्यासारखें आहे. परंतु ते कोल्हे केवळ नांवापुरते. त्यांच्या जागीं दोन दरबारी मुत्सद्दी बसविले तर गोष्टीचें कांहींएक बिघडणार नाहीं. इसापाच्या सिंह-लांडग्यांचीही तीच कथा. शेपटी लावलेलीं माणसें तीं! म्हणून एखादी कादंबरी घोड्यानें किंवा कुत्र्यानें सांगितली आहे असें कळलें, कीं मी ती हळूच बाजूस सारीत असें.

हा माझा ग्रह श्रावणाच्या अखेरीस सिद्धेश्वर येथें मोडला. सिद्धेश्वर हें हिंगोली जिल्ह्यांतील, औंढा नागनाथच्या बाजूचें, पूर्णा नदीवरील धरणाचें गांव. माझी मावसबहीण तेथें एका शेतकऱ्याच्या घरीं दिलेली आहे. पोळ्यासाठीं म्हणून गेलों, आणि पावसानें असा जम धरला कीं ओसरीबाहेर पाऊल टाकण्याची सोय राहिली नाहीं. बरोबर नेलेलीं वर्तमानपत्रें जवळजवळ पाठ झालीं. शेवटीं भाचीच्या दप्तरांत एक इंग्रजी पुस्तक सांपडलें. नांव ‘ब्लॅक ब्यूटी’. सांगणारा घोडा! दुसरें कांहीं हातीं असतें तर मीं तें खास उघडलें नसतें.

पुस्तकाची कर्ती ॲना सेवेल ही १८२० सालीं इंग्लंडांत जन्मली. चौदाव्या वर्षीं पडून तिचे पाय दुखावले ते जन्मभर नीट झाले नाहींत. चार पावलें चालणें अवघड, म्हणून कोठेंही जावयाचें तर घोड्याची गाडी. १८७१ पासून पुढें, अंथरुणास खिळलेली असतांना, कांहीं स्वतः लिहून तर कांहीं आईस सांगून तिनें हें एकच पुस्तक पुरें केलें. तें नोव्हेंबर १८७७ मध्यें निघालें आणि पुढच्याच एप्रिलांत बाई वारल्या. आपण हें मूळ अश्वभाषेंतून भाषांतर केलें आहे, असें तिनें पुस्तकाच्या आरंभींच नमूद केलें आहे. ही थट्टा खरी. पण पांचपन्नास पानें वाचून झाल्यावर ती थट्टा वाटेनाशी होते.

त्या घोड्याची हकीकत म्हटली तर साधी. तो चांगल्या घरीं वाढतो, मग विकला जातो, पुन्हा विकला जातो, आणि दर विक्रीबरोबर एक पायरी खालीं उतरतो. श्रीमंताच्या बग्गीपासून लंडनच्या भाड्याच्या गाडीपर्यंत आणि तेथून मालाच्या गाडीपर्यंत. त्याचें नांवसुद्धां त्याचें राहत नाहीं; ब्लॅक ब्यूटी, ब्लॅक ऑस्टर, जॅक असें तें धन्यागणिक बदलत जातें. त्या काळीं इंग्लंडांतील प्रतिष्ठित लोकांत एक खूळ होतें. घोड्याची मान डौलदार उंच दिसावी म्हणून ती एका आखूड लगामानें वर ताणून बांधीत. चढावर गाडी ओढतांना जनावरास डोकें खालीं घालून जोर करावयाचा असतो. तो त्यास करतां येत नसे. त्या लगामाविरुद्ध लोकमत जागें होण्यास या पुस्तकाचा मोठा हातभार लागला. १८९० सालीं अमेरिकेंत जॉर्ज एंजेल यांनीं तर गाडीवानांत आणि तबेल्यांतल्या नोकरांत वांटण्यासाठीं त्याची खास आवृत्ति काढली.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं मी तें घरांतल्या मंडळींस मराठींत सांगूं लागलों. बहिणीचे सासरे, आबा, भिंतीशीं टेकून सुपारी कातरीत ऐकत होते. लगामाचा भाग आला तेव्हां अडकित्ता थांबला.

“मंग त्यानं धन्याला काऊन सांगितलं न्हाई?” त्यांनीं विचारलें.

“आबा, घोड्याला बोलतां कोठें येतें!”

“मंग हे सांगायलंय कोण?”

पोरें हंसलीं, मीही हंसलों. परंतु अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न कांहीं केल्या हालेना. मागलीं पानें चाळून पाहिलीं. आबांनीं नेमकें मर्म धरलें होतें. सबंध पुस्तकांत हा घोडा माणसाशीं एक शब्दही बोलत नाहीं. तबेल्यांत दुसऱ्या घोड्यांशीं बोलतो, आणि आपल्याशीं बोलतो. धन्यापुढें मात्र तो मुकाच. इसापाचा लांडगा कोंकराशीं हुज्जत घालतो, तेव्हां आपण लांबून दोघांची मौज पाहतों. येथें तसें नाहीं. तोंडांत लोखंड रुतलें आहे हें आपणांस ठाऊक, लगाम ओढणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि तें त्यास कळविण्याची सोय नाहीं. वाचकाला अशा अडचणींत आणून उभा करणें, हें जनावराच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीचें खरें सामर्थ्य होय.

दुसरी गोष्ट, त्या घोड्याला काय कळतें आणि काय कळत नाहीं याची बाईनीं राखलेली मर्यादा. गाडीवानाचा स्वभाव तो चेहऱ्यावरून ओळखीत नाहीं, लगाम धरणाऱ्या हातावरून ओळखतो. रस्ता कसा तर खुरांना लागेल तसा. क्वचित् त्याच्या तोंडून उपदेश निघतो, तेव्हां मात्र घोड्यामागची बाई दिसूं लागते, आणि तेवढीं पानें मला फिकीं वाटलीं. उलट जेथें तो नुसतें पाहतो तेथें विलक्षण ताकद आहे. जिंजर नांवाची त्याची जुनी सोबतीण घोडी हाल होऊन मरते. एके दिवशीं भाड्याच्या गाड्यांच्या तळावरून एका मेलेल्या घोड्याचें धूड गाडींत घालून नेलेलें त्यास दिसतें. ती जिंजरच असावी असें त्यास वाटतें. आणि तीच असो, म्हणजे तिचे हाल तरी संपले, अशी तो आशा करतो. एवढेंच. विलाप नाहीं कीं भाषण नाहीं. मीं तेवढा भाग मुलांना सांगितला नाहीं, हें सांगून टाकतों.

जपानी लेखक सोसेकी यांनीं १९०५ सालीं एका बिननांवाच्या मांजराच्या तोंडून कादंबरी सांगावयास आरंभ केला. तें मांजर आपल्या पंडित धन्याची आणि त्याच्या मित्रांची यथेच्छ टिंगल करतें. तें पुस्तक अतिशय मौजेचें आहे. परंतु मांजराच्या पाठीवर कोणी ओझें लादीत नाहीं, त्यामुळें त्यास हंसण्याची सवड असते.

खरें आश्चर्य पुढेंच होतें. घरीं परतल्यावर सहज मनांत आलें, कीं हिंदींत आणि बंगालींत ‘उपन्यास’ म्हणतात, गुजरातींत ‘नवलकथा’. मग आपण ‘कादंबरी’ कां म्हणतों? उत्तर सर्वांस माहीत आहे. सातव्या शतकांत, हर्षाच्या काळीं बाणभट्टानें लिहिलेल्या गद्यकाव्याच्या नायिकेचें तें नांव. पण त्या कादंबरींतील कथा सांगतो कोण? पोपट! कॉलेजांत तें पुस्तक मीं समास सोडविण्याच्या धांदलींत वाचलें होतें, आणि सांगणारा पक्षी आहे हें ध्यानांत असूनही कधीं जाणवलें नव्हतें. ज्या प्रकारच्या पुस्तकाला मी नाक मुरडीत होतों, त्याच प्रकारच्या पुस्तकावरून मराठीनें कादंबरीचें नांव घेतलें आहे.

विदिशेच्या शूद्रक राजापुढें एक चांडालकन्या पिंजऱ्यांतून वैशंपायन नांवाचा पोपट आणते. राजानें विचारल्यावरून तो आपला जन्म सांगूं लागतो. विंध्याटवींत, पंपा सरोवराच्या कांठीं एक जुनाट शाल्मली वृक्ष. त्याच्या ढोलींत हजारों पोपट. याची आई याला जन्म देतांना मेली. बाप म्हातारा, पंख झडलेले, उडण्याची शक्ति नाहीं. इतरांच्या घरट्यांतून खालीं सांडलेले दाणे टिपून तो पिलास भरवी, आणि उरलें तर आपण खाई. एके दिवशीं शबरांची टोळी शिकार करून जाते. मागें राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि ढोलीढोलींतून पोपट काढून, माना मुरगाळून, फळें तोडावीं तसे खालीं टाकतो. बाप पिलावर पंख पसरून बसतो. शबर त्यालाही मारून टाकतो. पंखांखालचें पिलूं त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. बापाच्या देहाबरोबर तें वाळल्या पाचोळ्यावर पडतें आणि वांचतें.

याच्यापुढें पोपट जें सांगतो त्यानें मी थक्क झालों. बाप मेलेला टाकून मी सरपटत झाडाच्या मुळाशीं लपलों, मला तहान लागली, आणि एवढें होऊनही मला जगावेंसें वाटलें, असा दोष तो स्वतःस लावतो. थोड्या वेळानें हारीत नांवाचा मुनिपुत्र त्यास उचलून त्याच्या चोंचींत पाण्याचे थेंब सोडतो. सभेंत श्लोक म्हणणारा हा पंडित पक्षी त्या दिवशीं मात्र अवाक् होता. वाणी त्यास मागाहून आली. बाणाचीही आई त्याच्या लहानपणींच वारली होती. बापानें आईच्या मायेनें वाढविलें, आणि मुलगा चौदा वर्षांचा असतांना तोही गेला. हें त्यानें हर्षचरितांत स्वतःच लिहून ठेविलें आहे. शाल्मलीवरील त्या म्हाताऱ्या पोपटाकडे त्यानंतर मला निराळ्या दृष्टीनें पाहावें लागलें.

आणखी थोडें मागें जाऊं. बाणाच्या कथेचें मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेंत असावें, असें विद्वान् मानतात. गुणाढ्य हा सातवाहनांच्या पैठणचा. कथासरित्सागरांतील आख्यायिकेप्रमाणें पैशाची भाषेंतील त्याचा सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ राजानें तुच्छतेनें परत पाठविला. तेव्हां गुणाढ्य रानांत जाऊन एकेक पान वाची आणि अग्नींत टाकी. भोंवतीं पशुपक्षी चरणें सोडून, डोळ्यांत अश्रु आणून ऐकत बसत. राजाच्या ताटांत नीरस मांस येऊं लागलें, चौकशी झाली, आणि अखेरचे एक लक्ष श्लोक तेवढे वांचले. म्हणजे माणसांनीं नाकारलेल्या कथेचे गोदावरीच्या मुलुखांतले पहिले श्रोते जनावरेंच होतीं. सिद्धेश्वरची पूर्णाही पुढें गोदावरीसच मिळते.

याच प्रदेशांत, हिंगोलीजवळच्या नरसीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे ते नामदेव, कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवले असें सांगतात. पैठणास ज्ञानदेवांनीं रेड्याकडून वेद म्हणवून घेतले. ही कथा लहानपणापासून ऐकत आलों, पण आतां तीबद्दल एक वेडी शंका मनांत येते. रेड्यानें वेद म्हटले खरे. परंतु त्याचें स्वतःचें कांहीं म्हणणें असेल, तें त्यास कोणी विचारलें काय?

सिद्धेश्वरास पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं खांदमळणी झाली. वर्षभर जुवाखालीं घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तुपानें चोळावयाचे आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आवतण द्यावयाचें, असा हा रिवाज. घरचा एक बैल थकला होता. पोळा झाला कीं त्यास बाजारांत न्यावयाचें, असें माझ्या कानांवर आलें होतें. आबा त्याच बैलाचा खांदा चोळीत होते. बोटांना एक जुनी जखम लागली तसा त्यांचा हात थबकला. मग माझ्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें,

“त्या घोड्याचं शेवटी काय झालं?”

मीं सांगितलें. एका नव्या घरच्या मोतद्दारानें कपाळावरच्या पांढऱ्या चांदावरून त्यास ओळखलें. याच मोतद्दारानें लहानपणीं, केवळ अज्ञानानें, तापलेल्या घोड्यास थंडगार पाणी पाजून जवळजवळ मारलें होतें. पुढें त्या घोड्यास कोणीं विकलें नाहीं.

आबा कांहीं बोलले नाहींत. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशीं पाऊस उघडला आणि मी निघालों. आठवड्याचा बाजार आदल्या दिवशींच होऊन गेला होता. गोठ्यावरून जातांना आंत पाहिलें. बैल दावणीस होता आणि आबा त्याच्यापुढें कडबा टाकीत होते.