बारा तासांची पाळी व आत्मपरीक्षण



सुरतेला लागूनच उधना आहे. जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग येथूनच फुटतो, आणि त्याच मार्गाने खानदेशातील असंख्य मराठी माणसे पोटासाठी येथील यंत्रमागांवर आली. आपल्या गावांतील काही मुलेही त्यांत आहेत. गेल्या वर्षी त्यांची विचारपूस करावयास मी गेलो होतो. तेथे एका तरुणाशी चहा पिताना झालेले बोलणे त्याच्या अनुमतीने देत आहे. (ते पापनिवेदनातील नव्हे, हे सांगावयास नकोच.)

तो व त्याचा धाकटा भाऊ एकाच खोलीत राहतात. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, बारा-बारा तासांची. एक उठतो त्याच अंथरुणावर दुसरा निजतो. आणि दोघांत अबोला! "केव्हापासून?" मी विचारले. बराच वेळ आठवून तो म्हणाला, "फादर, ते काही सांगता येत नाही."

हे उत्तर मला भांडणाहूनही भयंकर वाटले. दरवर्षी ईस्टरपूर्वी तो न चुकता पापनिवेदन करी. परंतु वर्षभराचे धागे एका दिवसात कसे उकलणार? रोज स्वतःकडे पाहत जा, असे मी सुचविताच तो हसला. "बारा तास उभे राहून आल्यावर वेळ कुठला, फादर?"

मी विषय बदलला. मागावर ताण्याची तार तुटली तर काय होते, असे विचारले. तो सांगू लागला, "आमचा साधा माग आपण होऊन थांबत नाही. कापडावर रेघ पडत जाते. लगेच पाहिले तर बोटभर बिघडते. उशिरा पाहिले तर सारा ताका जातो, आणि पैसे कापले जातात. म्हणून सारखे फिरून पाहावे लागते." एवढे बोलून तो स्वतःच गप्प झाला.

तेव्हा मी त्याला संत इग्नेशियस लोयोला यांची रीत सांगितली. हे मूळचे लढवय्ये. १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कोणत्या विचारांनी मन कोरडे पडते व कोणत्यांनी प्रसन्न राहते, हे ते न्याहाळू लागले. पोपमहाशयांनी १५४८ साली मान्य केलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात कामकरी माणसालाही जमेल अशी युक्ती आहे. एकच दोष निवडावा. सकाळी त्याची आठवण करावी. तो घडताच छातीला हात लावावा. चार माणसांतही ते कोणाच्या ध्यानी येत नाही. दुपारी व रात्री हिशेब घेऊन तितके ठिपके रेघेवर मांडावेत, आणि दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहावा.

ही रीत केवळ मठवासीयांची, असे मात्र समजू नये. १९३० च्या एप्रिलच्या आरंभी दांडीयात्रा सुरतेहून उधन्याजवळच्या दिंडोलीवरून पुढे गेली. दिवसभर उन्हातान्हात चालूनही गांधीजींच्या यात्रेकरूंना रोज प्रार्थना, सूतकताई व दैनंदिनी लिहिणे हे नेम होते. पाय दुखतात म्हणून दैनंदिनी चुकविण्याची मुभा नव्हती.

त्या तरुणाने दोष निवडला तो भावाविषयीच्या कडू शब्दाचा. तोंडातून निघालेला असो वा मनातल्या मनात गिळलेला. दुपारचे ठिपके काही त्याला साधले नाहीत. रात्री निजण्यापूर्वी मात्र भिंतीवरील कॅलेंडरवर तो ते मांडी. मध्यंतरी दोन आठवडे कोरेच गेले. मी रागावलो नाही; माझ्याही वहीत अशी कोरी पाने आहेत.

ईस्टरला तो गावी आला तेव्हा कॅलेंडरची पाने सोबत होती. आम्ही ती मेजावर ओळीने मांडली. ठिपके विखुरलेले नव्हते. दर महिन्याला पगाराच्या दिवसाभोवतीच त्यांची दाटी होती. तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे राग त्याच्यावर नव्हताच, फादर. आईला पैसे कोणी किती पाठवायचे, हे आम्ही कधी ठरवलेच नाही."

आता पगार झाला की, एकाची पाळी सुटून दुसऱ्याची लागण्यापूर्वीच्या पाव तासात दोघे खोलीच्या उंबऱ्यावर बसतात व आईच्या नोटा वेगळ्या मोजून ठेवतात.