आठवीला शाळा बदलावी का?

निकाल हातात पडले की आमच्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागतात. ताप नाही, खोकला नाही. बाप स्टुलावर बसतो, मूल शेजारी उभे असते आणि बाप विचारतो, "डॉक्टर, पोराला आठवीपासून महाडला घालू का? तुमचं काय मत?" पोलादपूरसारख्या गावात डॉक्टरला जमिनीच्या वादापासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळेच विचारले जाते, त्यामुळे याचे नवल वाटत नाही. पूर्वी मी हसून म्हणत असे, "शाळेचं मास्तरांना विचारा, मला ताप-खोकल्याचं विचारा." आता तसे म्हणत नाही. कारण मे महिन्यात घेतलेल्या या निर्णयाचे परिणाम जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याच टेबलावर येतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. कापड्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून आजी नातीला घेऊन आली. मुलगी तेरा वर्षांची. सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गात पहिली. वडील मुंबईला नोकरीला. त्यांच्या इच्छेने आठवीला महाडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नाव घातलेले. आजी म्हणाली, "डॉक्टर, पोरीच्या पोटात दर सोमवारी दुखतंय. आयतवारी बरी असते."

दर सोमवारी दुखणारे पोट! डॉक्टरच्या मनात लगेच एकच शब्द येतो, शाळेची भीती. असे दुखणे खोटे नसते, हे आधी सांगून ठेवतो. जॉन ॲप्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने ब्रिस्टल भागातील 1000 शाळकरी मुले तपासून 1958 साली लिहून ठेवले, की सुमारे दहातल्या एका मुलाचे पोट वारंवार दुखते आणि त्यातल्या बहुतेकांत शरीराचा मोठा आजार सापडत नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात नसांचे दाट जाळे असते. मन धास्तावले की आतडी आवळतात आणि बेंबीभोवती खरोखरच कळ येते. मूल ढोंग करत नसते.

मी पोट तपासले, विशेष काही नव्हते. "शाळेची धास्ती आहे, सवय होईल" असे म्हणणार, तेवढ्यात सहज विचारले, "बाळ, शाळेत पाणी किती पितेस?" तिने आजीकडे पाहिले. "नाय पीत." का? तर लघवीला जायचे असेल तर सरांना इंग्रजीत विचारावे लागते. ते वाक्य नीट येत नाही, चुकले तर मुली हसतात. म्हणून पहाटे घर सोडल्यापासून दुपारी परत येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही आणि लघवीही नाही. पाळी मे महिन्यातच सुरू झालेली. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.9. या वयाच्या मुलीचे ते 12 च्या वर हवे. म्हणजे धास्तीही होती आणि आजारही होता, आणि दोन्ही एकाच दाखल्याबरोबर आले होते.

पालकांना फी, बस, गणवेश, पुस्तके यांचा हिशेब बरोबर मांडता येतो. राहतो तो मुलाच्या शरीराचा हिशेब. आठवी म्हणजे तेरावे वर्ष. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतो आणि पाठोपाठ पाळी येते. मुलग्यांचा तोच काळ तेरा-चौदाच्या सुमारास येतो, आवाज फुटतो. रक्त वाढवायला लोह जास्त लागते, भूक दुप्पट होते. झोपेचे घड्याळही पुढे सरकते, रात्री लवकर डोळा लागत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला 8 ते 10 तास झोप हवी. वरच्या गावातून महाडला पावणेआठच्या शाळेला जाणारे मूल पावणेपाचला उठते. ते दहाला झोपले तरी झोप सात तासांपेक्षा कमी. मग मास्तर म्हणतात, मुलगा वर्गात लक्ष देत नाही.

त्यातच आपल्याकडे शाळा सुरू होतात जूनच्या मध्यावर, म्हणजे पावसाबरोबरच. नवी शाळा, नवी भाषा, नवे सोबती, ओले दप्तर, घाटातली वळणे, सगळे एकाच आठवड्यात. (गाडी लागणाऱ्या मुलांना पालक उपाशीपोटी बसवतात. तसे करू नये. थोडी कोरडी पोळी किंवा बिस्किट द्यावे आणि पुढच्या बाजूला बसवावे.)

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ या संशोधकांनी शेकडो मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षे माग ठेवला. त्यांचे पुस्तक 1987 साली निघाले. त्या शहरात काही मुले आठवीपर्यंत एकाच शाळेत राहात, काही मुले सहावीनंतरच मोठ्या शाळेत जात. लवकर शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास घसरलेला आढळला. शिवाय वयात येणे, घर बदलणे, शाळा बदलणे असे बदल ज्यांच्यावर एकाच वेळी कोसळले, त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला आणि मार्कही उतरले. मिलवॉकी कुठे आणि पोलादपूर कुठे, असे कोणी म्हणेल. पण तेराव्या वर्षीचे शरीर दोन्हीकडे सारखेच आहे. म्हणून पालकांना मी हल्ली "कुठली शाळा" याच्याआधी "याच वर्षी का" असे विचारतो.

2021 च्या जुलैतले तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे कोणी विसरलेले नाही. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, घर सोडावे लागले आहे किंवा आईवडील वेगळे झाले आहेत, तिथल्या मुलाची शाळा तरी शक्यतो त्या वर्षी जुनीच राहू द्यावी. ओळखीचे मास्तर आणि ओळखीचा बाक यांची किंमत अशा वेळी औषधापेक्षा जास्त असते.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या मुलाला मी आठवीला पुण्यातल्या एका वसतिगृहाच्या शाळेत ठेवले. नातेवाईकांत मान होता, मलाही होता. फोनवर तो रोज म्हणायचा, "बरा आहे." दिवाळीला घरी आला तेव्हा पँट कमरेवर राहत नव्हती, चार किलो वजन उतरले होते. मी, डॉक्टर, त्याला जंताची गोळी दिली! रात्री पत्नीने सांगितले, तो अंथरुणात रडतो आहे. वर्ष कसेबसे पुरे करून त्याला परत आणले, दहावी त्याने इथूनच केली. अकरावीला त्याच पुण्यात गेला आणि पहिल्या महिन्यात दोनदाच फोन आला, तोही पैशासाठी. मुलगा तोच, शहर तेच. मधली तीन वर्षे तेवढी गेली होती.

महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण काही पालक मला देतात. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला गेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. "बाहेर पडले म्हणूनच ना डॉक्टर?" खरे आहे, बाहेर पडावेच लागते. आपल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते, तिथे शाळा बदलणे हा प्रश्नच नसतो, बदलावीच लागते. तिथे प्रश्न फक्त जवळची की लांबची, एवढाच. माझे मत विचाराल तर आठवी ते दहावी जवळची, पायी किंवा अर्ध्या तासाच्या एसटीने जाता येईल अशी शाळा आणि मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यम. लांबची झेप दहावीनंतर. माझ्याशी न पटणारे शिक्षक मित्र आहेत आणि त्यांचीही बाजू आहे. गणित-विज्ञानाला वर्षभर शिक्षकच नसेल तर जवळपणाचे काय करायचे, असे ते विचारतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि जिथे मुलाला रोज छळले जाते, जातीवरून, रंगावरून किंवा तोतरेपणावरून चिडवले जाते आणि शाळा दाद देत नाही, तिथून ते मूल वर्षाच्या मध्यातही काढावे. असा एक मुलगा शाळा बदलल्यावर सहा महिन्यांत उमललेला मी पाहिला आहे.

शाळा बदलताना आणखी काही गोष्टी नकळत सुटतात. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. सहावी ते आठवीसाठी त्यात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत गेले की ही खिचडी बंद, आणि पहाटे साडेचारला भरलेला डबा दुपारपर्यंत आंबतो. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून एकदा पथकाकडून होणारी तपासणी याही योजना मुख्यतः सरकारी-अनुदानित शाळांच्या आहेत. नव्या शाळेत त्या आहेत का, हे विचारून घ्यावे. देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना पंडुरोग आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तेव्हा गोळी बुडाली तरी चालेल असे समजू नये.

मुंबईला काकांकडे ठेवण्याबद्दल थोडेच लिहितो. काका-काकू कितीही प्रेमळ असोत, दहा बाय बाराच्या खोलीत मूल दुसरी पोळी मागत नाही. तिथे ठेवायचेच असेल तर दर महिन्याला स्वतः जाऊन यावे आणि काट्यावर वजन करावे. फोनवरच्या "बरा आहे" वर माझ्यासारखे विसंबू नये.

शाळा बदललीच, तर पहिले तीन महिने लक्ष ठेवावे. बेंबीभोवती दुखते, सुटीच्या दिवशी थांबते, मूल खेळते-खाते, अशा दुखण्याला धीर द्यावा, पण तरी एकदा लघवी आणि रक्त तपासून घ्यावे. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला असेल, ताप, उलट्या, शौचातून रक्त किंवा वजनात घट असेल तर शाळेला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे यावे. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, मूल बोलेनासे झाले, तर तेही दुखणेच समजावे. "जगून काय करू" असे शब्द मुलाच्या तोंडून आले तर त्याला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरकडे आणावे. 14416 या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा कोणत्याही वेळी विनाशुल्क बोलते, मराठीतही. फळा दिसत नाही म्हणून मागे पडणारी मुले तर पुष्कळ असतात. दाखला काढण्याआधी एकदा डोळे तपासा, कदाचित चष्म्यानेच काम भागेल.

त्या मुलीचे राहिले. औषधांनी संसर्ग गेला, लोहाच्या गोळ्या चार महिने दिल्या. आजीने शाळेत जाऊन बाईंना गाठले आणि मराठीतून लघवीला विचारायची परवानगी मिळवली. सोमवार ते शुक्रवार ती महाडला आत्याकडे राहू लागली, त्यामुळे झोप दीड तासाने वाढली. यंदा मेमध्ये वडील आले आणि म्हणाले, "परत गावच्या जवळच्या हायस्कूलला आणू का?" मी म्हटले, हे तिलाच विचारा. ती म्हणाली, "आता नको. आता परत नवीन मुली." हिमोग्लोबिन 11.4 आहे. पुढची तपासणी गणपतीनंतर.

पुढील आठवड्यात : पावसाळी पाणी आणि कावीळ.