लिनक्सच्या गाभ्यातील एक जुना दोष

संगणकाची स्मृती पृष्ठांत विभागलेली असते. एकच पृष्ठ अनेक प्रक्रियांना वाचावयास दिल्याने स्मृतीची बचत होते. मात्र एखादीस त्यात लिहावयाचे झाल्यास लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, तीस प्रथम स्वतंत्र प्रत काढून देतो. २०१६ साली उघडकीस आलेला ‘डर्टी काउ’ हा दोष याच व्यवहारात दडला होता. (‘काउ’चा गायीशी संबंध नाही, ती ‘कॉपी-ऑन-राइट’ची आद्याक्षरे होत.) लेखन कर्नेलकरवी होत असता, प्रत काढून झाली की कर्नेल ‘लिहावयाचे आहे’ ही खूण पुसून टाकी व पृष्ठाचा पुन्हा शोध घेई. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रक्रियेच्या दुसऱ्या धाग्याने ती प्रत टाकून दिली, तर मूळ पृष्ठच हाती येई, आणि केवळ वाचनाची अनुज्ञा असलेल्या फाइलीत लेखन होई. सामान्य वापरकर्त्याला यंत्रावर सर्वाधिकार मिळविण्यास एवढी फट पुरेशी होती.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ सालीच यावर उपाय योजला होता. परंतु एस-३९० यंत्रांवरील अडचणींमुळे तो मागे घेण्यात आला. ऑक्टोबर २०१६ मधील दुरुस्ती मोजक्याच ओळींची होती. लेखनाची खूण पुसण्याऐवजी ‘प्रत काढली आहे’ अशी निराळी खूण तीस जोडण्यात आली. आणि हाती आलेले पृष्ठ ‘डर्टी’, म्हणजे मळलेले नव्हे, तर लिहिले गेलेले म्हणून नोंदलेले असेल, तरच लेखनास वाव ठेवण्यात आला.