सल्ला द्यायचा नाही

महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात आम्ही आठ कारखानदार जमतो. दारातच स्टीलचं पातेलं ठेवलेलं असतं, त्यात आठही मोबाइल जातात. मग चहा, आणि ज्याची पाळी असेल त्याची वीस मिनिटं. तेवढा वेळ मधे कुणी बोलायचं नाही. त्यानंतरचा नियम याहून अवघड: सल्ला द्यायचा नाही. 'तू असं कर' म्हटलं की पन्नास रुपये दंड. बोलायचं ते 'माझ्याकडे असं झालं होतं' एवढंच. आम्हा कोल्हापूरकरांना हे जमायला सहा महिने लागले. दंडाच्या पैशांत दोनदा मिसळ झाली.

पद्धत आमची नाही. वडिलांमागे पट्ट्यांचा कारखाना हाती आलेल्या रे हिकॉकने १९५० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला वायपीओ ही तरुण कंपनीप्रमुखांची संघटना काढली. मिलवॉकीत १९५७ मध्ये रॉबर्ट नोर्सने कंपनीप्रमुखांना असंच एका टेबलाभोवती बसवलं. आम्ही ते भिशीच्या हिशेबानं उचललं. एक अट मात्र आमची: एकाच गिऱ्हाइकाला माल देणारे दोघे गटात नकोत.

गेल्या वर्षी पाळी माझी होती. दुसरी इंडक्शन फर्नेस घ्यायची, बँक तयार, एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर वाढती. मी रंगात येऊन बोललो. मग प्रश्न सुरू झाले.

"त्या एका गिऱ्हाइकाला किती माल जातो?"

"बहात्तर टक्के."

"पैसे किती दिवसांनी येतात?"

"नव्वद."

छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, हा कायदा आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तो गिऱ्हाइकाला दाखवला तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते, हेही.

"रिजेक्शन?"

"सात टक्के."

"मशिनिंगनंतर परत आलेलं धरून?"

मी गप्प. ते धरून अकरा होतं. हा आकडा मी सीएपुढेही कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता, घरी तर नाहीच. व्हिजिटिंग कार्डं वाटायच्या मेळाव्यांनाही मी जातो, तिथं कामंही मिळतात. पण तिथं 'अकरा' कोण म्हणेल?

आमच्यातले सगळ्यांत थोरले अण्णा तेवढ्यात म्हणाले, "माझ्याकडे असं झालं होतं. मेटल कमी पडतंय असं वाटायचं, पण खरं तर वाळू गरम परत येत होती." मोल्डिंगची वाळू गार न होता पुन्हा मिक्सरमध्ये गेली की ओलावा हातात राहत नाही, आणि कास्टिंगला ब्लोहोल पडतात. अण्णांनी तेव्हा फर्नेस न घेता सँड कूलर बसवला होता. एवढं सांगून त्यांनी चहा मागितला.

फर्नेसचं कर्ज मी घेतलं नाही. वाळूचं तापमान आता दर पाळीला वहीत चढतं, आणि रिजेक्शन, परत आलेलं धरून, सहावर आलंय. पैसे मात्र अजून नव्वद दिवसांनीच येतात.